ज्वारी की भात?

गिरणीत जळमटांवर पीठ कुणी मुद्दाम नेऊन टाकत नाही. दळण चालू असतं आणि ते आपोआप बसत जातं. एक दिवस झाडू घेऊन वर हात केला, की धाडकन डोक्यावर! माझा जन्म पिठाच्या गिरणीत गेला, म्हणून मला ठाऊक. किस्स्यांचंही तेच. पाच म्हातारे रोज सकाळी एका बाकावर बसले की किस्से साठत जातात. आज झाडायला घेतलेत. कुणाला शिंक आली तर माझ्या नावानं ओरडू नका.

मी चौथीत शाळा सोडली. खरं म्हणजे शाळेनं मला सोडलं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील तर आमच्या कांबळे गुरुजींकडं जा. ते रिकामेच असतात.

बाक इंदिरानगरातल्या बागेत, करंजाच्या झाडाखाली. जोशी कोर्टात कारकून होते. रिटायर झाले, पण तोंडातून कोर्ट गेलं नाही. कांबळे गुरुजी शाळामास्तर. सलीमभाई टेलर, बागेच्या मागच्या फाटकासमोर त्यांचं घर आणि घरातच मशीन. नाना गांगुर्डे इगतपुरीचा, रेल्वेत गँगमन. ऐन पावसात घाटातले रूळ ठोकलेला माणूस. आणि पाचवा मी, तात्या. पाचांत शहाणा. हे मलाच सांगावं लागतं, कारण बाकीचे सांगत नाहीत.

*

एकदा जोशी पेपरची घडी घालत म्हणाले, “पूर्वी आपल्याकडेही ज्युरी असायची.”

मी म्हटलं, “ज्वारी? कुठली, मालदांडी?”

गिरणीच्या घरघरीनं माझा एक कान कामातून गेलाय. दुसऱ्यानं मी मुद्दाम ऐकत नाही.

“ज्यु-री हो, तात्या! खुनाच्या खटल्यात गावातली साधी माणसं बसवायचे. ती सांगायची, दोषी की निर्दोष. आपल्याकडे बंद झाली, पण काही देशांत अजून आहे. आणि तिथे आरोपीला विचारतात, तुला ज्युरी हवी का एकटा जज पुरे?”

नाना तळहातावर तंबाखू मळत होता. त्याच्या कानावर काय पडलं देव जाणे. तो म्हणाला, “मला ज्वारी नाय पचत. आम्ही इगतपुरीची माणसं. भात द्या!”

सलीमभाई इतके हसले की त्यांच्या तोंडातली कवळी हातात आली!

त्या दिवसापासून आमच्या बाकावर कायदा ठरला. कुणावर आरोप आला की त्याला विचारायचं, ज्वारी की भात? ज्वारी म्हणजे सगळ्यांनी मिळून निकाल द्यायचा. भात म्हणजे आरोपीनं एकाचं नाव घ्यायचं आणि त्या एकट्यानं निकाल द्यायचा. दोषी निघाला तर सगळ्यांना चहा, शिवाय वर काय शिक्षा सुचेल ती.

देशाचा कायदा कसा झाला मला माहीत नाही. आमचा असा झाला.

*

पहिला आरोपी कांबळे गुरुजी.

गुरुजी फिरायला निघतात ते खिशात खडू घेऊन. दुसऱ्यांच्या पाट्या सुधारतात! कुणाच्या फाटकावर ‘गाडी लाऊ नये’ असेल तर ‘लावू’ करून येतात. एका सलूनवाल्यानं ‘दाडी’ लिहिलं होतं. गुरुजींनी ‘ड’च्या जागी हा एवढा मोठा ‘ढ’ काढून ठेवला. सलूनवाला आमच्या बाकाशी येऊन भांडला. “गिऱ्हाईक विचारतंय, दुकान ढ आहे का कारागीर!”

गुरुजींनी ज्वारी मागितली. आम्ही चौघं बसलो. दोन मिनिटांत दोषी! निकाल लेखी पाहिजे, असा जोशींचा हट्ट. मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिला आणि गुरुजींच्या हातात दिला.

गुरुजींनी चष्मा लावला. शांतपणे वाचलं. खिशातून लाल पेन काढलं.

“तात्या, तुम्ही लिहिलंय ‘गुरूजी दोशी आहेत’. दोशी हे आडनाव आहे. मी कांबळे. म्हणजे शिक्षा कुणा दोशींना झाली, मी सुटलो.”

वर दहापैकी तीन मार्क देऊन पत्रिका परत केली. चहा मला पाजावा लागला!

*

मग जोशी सापडले. फुलं चोरताना.

जोशी पहाटे कापडी पिशवी घेऊन निघतात आणि कुंपणाबाहेर डोकावणारी सगळी जास्वंद, सगळा मोगरा गोळा करतात. एका बाईंनी झारीनं पाणी मारलं अंगावर. ओले जोशी बाकावर आले, तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नाना म्हणाला, “बोला जोशीबुवा, ज्वारी का भात?”

जोशी बनियन पिळत म्हणाले, “ज्वारी. पण माझी एक हरकत आहे. ज्युरीचा आरोपीशी हितसंबंध असता कामा नये. ही फुलं सौभाग्यवतींच्या सत्यनारायणाला होती. त्या पूजेच्या प्रसादाचा शिरा ज्यानं खाल्ला, तो लाभार्थी. त्यानं उठावं.”

मी उठलो. नाना उठला. गुरुजी म्हणाले, “मी पूजेला बसलो नव्हतो हो, पण डबा घरी आला होता,” आणि उठले. सलीमभाई म्हणाले, “मेरे को तो दोनदा मिला!”

बाकावर कुणीच राहिलं नाही. एकटा आरोपी पाय पसरून बसला होता!

*

नानाची केस मोठी झाली. आरोप मीच ठेवला. तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून बाकाचं डोकं उठवणे!

गोष्ट कसाऱ्याच्या घाटातली. धुकं, पाऊस, नाना रुळावर एकटा, हातात कंदील आणि समोर बिबट्या. गोष्ट वाईट नाही. पण धुकं उतरायलाच चहा थंड होतो. मग त्यातला मुकादम येतो, मुकादमाची सासू येते, सासूचा दमा येतो. बिबट्या बिचारा कधीचा ताटकळत उभा!

नाना म्हणाला, “मला ज्वारी नको. भात. सलीमभाई एकटा.”

मी भडकलो. “असं कसं? आम्ही ऐकून ऐकून मेलो आणि निकाल आम्ही द्यायचा नाही?”

तिथं खरा वाद पेटला. जोशी म्हणाले, “ज्युरी ही आरोपीची सोय आहे. ज्याची सोय, त्याला ती नाकारता आली पाहिजे. कुणाला जबरदस्तीनं छत्री धरतात का?”

गुरुजी म्हणाले, “चूक. ज्युरी लोकांची आहे. बंद खोलीत एकाच माणसानं कुणाचं भलंबुरं ठरवू नये, चार लोकांनी डोळ्यांदेखत ठरवावं, म्हणून ती आली. माझ्या माणसांनी एकट्याच्या मर्जीवर चाललेले न्याय फार पाहिलेत, जोशी. आरोपी नको म्हणाला म्हणून लोकांनी घरी जायचं?”

जोशी पेपरची घडी उलगडायला लागले. मी म्हटलं, “ज्युरी चहासाठी आहे. चहा बुडता कामा नये!” माझ्या मताला कुणी विचारलं नाही.

मग नाना बोलला. “गुरुजी, तुमचं खरं हाय. पण मी गँगमध्ये काम केलंय. रूळ वाकडा बसला की साहेब विचारायचा, कुणी बसवला? सगळे म्हणायचे, सगळ्यांनी. मग कुणाचा कान धरायचा? पाच जण चुकले की कुणीच चुकत नाय. एकटा सलीम चुकला तर मला कान तरी घावतो.”

सलीमभाईंनी लगेच दोन्ही कान झाकले. मग गळ्यातली टेप हातात घेतली आणि निकाल दिला. “गोष्ट चांगली आहे, फिटिंग ढिली आहे. नाना, गोष्ट सांगायची, पण चार बोटं आखूड करून.”

दुसऱ्या दिवशी नानानं आखूड करून सांगितली. धुकं होतं, मुकादम होता, सासू होती, दमा होता.

बिबट्या काढून टाकला होता!

*

नानाचं पाहून मीही एकदा भात मागितला. त्याचं फळ भोगलं.

आरोप शिव्यांचा होता. मी शिव्या देतो. गिरणीत पट्टा तुटला की ओव्या म्हणायच्या का? पण बागेत योगासनांना येणाऱ्या बायकांनी तक्रार केली. मी म्हटलं, भात, आणि नानाचं नाव घेतलं. म्हटलं आपला माणूस, रेल्वेतला, स्वतः बोलायला लागला तर रूळ लाजतील. सोडून देईल.

नाना म्हणाला, “तात्या, उद्या दिवसभर एक शिवी नाय द्यायची.”

“अरे, तू...”

“आजपास्नं नाय, उद्यापास्नं. आज देऊन घे.”

दुसऱ्या दिवशी मी बोलायला तोंड उघडायचो आणि मिटायचो. शिवी वगळली तर माझ्या वाक्यात ‘तो’, ‘ती’ आणि ‘आला का’ एवढंच राहतं, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी बायकोनं मुलाला फोन केला. “अरे, बाबा सकाळपासून गप्प आहेत. बोलले तर चांगलं बोलतायत. डॉक्टरला घेऊन ये!”

*

आता कुलपाचं सांगतो.

गेल्या वर्षी सलीमभाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, थोडं चाला, पण जपून. मागच्या फाटकातून आमचा बाक त्यांच्या घरापासून हाकेवर. पण फाटकाशेजारी एक बंगला आहे. तिथल्या साहेबांना लोकांची ये-जा आवडेना. बाग सगळ्यांची, फाटक सगळ्यांचं, आणि ह्या बाबानं स्वतःचं कुलूप आणून लावलं! पुढच्या फाटकानं यायचं तर मोठ्या रस्त्याला वळसा. सलीमभाईंनी एकदा तसं येऊन पाहिलं. निम्म्या वाटेवर पानटपरीच्या स्टुलावर बसून राहिले. मग यायचेच बंद झाले.

जोशींनी अर्ज केला. अर्ज कुठं गेला कुणास ठाऊक. मी साहेबांना समजवायला गेलो, पण माझ्या समजावण्यात शिव्या असतात, त्यामुळं ते जास्तच चिडले.

आठवडाभर बाकावर चार जण. सलीमभाईंची जागा रिकामी. तिथं कुणी बसेना. नाना सारखा फाटकाकडं बघायचा.

एका सकाळी नाना रेल्वेचा हातोडा घेऊन आला. चांगलं ऊन पडलं होतं, माणसं फिरत होती. दोन घावांत कुलूप खाली! मग ते तुटकं कुलूप उचलून साहेबांच्या दाराच्या कडीला अडकवलं, वर कॅमेरा होता त्याच्याकडं बघून नमस्कार केला आणि म्हणाला, “तुमचं कुलूप पडलं होतं, साहेब.”

आणखी काय पुरावा पाहिजे?

दुसऱ्या दिवशी सलीमभाई काठी टेकत हळूहळू आले. “फाटक खुल गया!” लहान मुलासारखे खूश. “साहेबांना अक्कल आली वाटतं.”

नाना म्हणाला, “गंजलं असंल.”

आम्हाला बाजूला घेऊन नानानं बजावलं, “त्याला कळू द्यायचं नाय. लय मानी माणूस हाय. माझ्यासाठी नानावर केस झाली म्हणंल, अन् घरात बसंल. मग मी कुलूप तोडलं कशाला?”

केस झालीच. पोलीस आले, कागद झाले, कोर्टाचं समन्स आलं. नुकसान केलं म्हणून फौजदारी! उभ्या जन्मात नानानं कोर्टाची पायरी पाहिली नव्हती. तंबाखू मळायचा आणि तोंडात टाकायचं विसरायचा.

सलीमभाई घरी गेले की आम्ही चौघं बसायचो. मी म्हटलं, “नाना, आधी आपल्यात खटला चालवू. ज्वारी की भात?”

नाना खाली बघत म्हणाला, “ज्वारी म्हटलं तर त्यात सलीम आला. भात म्हटलं तर माझा भात सलीमच. मला दोन्ही नको.”

जोशींची भाची वकील. ती म्हणाली, “नानाकाका, केस लढवायची तर कुलूप का तोडलं ते सांगावं लागेल. मी बाजू मांडते, सुटायची आशा आहे. नाहीतर गुन्हा कबूल म्हणा, दंड होईल, विषय संपेल. पण कागदावर तुम्ही गुन्हेगार राहाल.”

“कबूल म्हटलं की का तोडलं ते कुणी विचारणार नाय ना?”

“फारसं नाही.”

“मग कबूल.”

गुरुजी उठून झाडामागं गेले. खडू खाली पडला तो उचलायला, असं म्हणाले. मला शिवीसुद्धा सुचली नाही.

*

तारखेच्या दिवशी आम्ही तिघं नानाबरोबर कोर्टात गेलो. सलीमभाईंना सांगितलं होतं, त्र्यंबकला लग्न आहे.

जोशी तिथं एकदम तरुण झाले. येईल त्या शिपायाला नमस्कार! नाना लग्नातला कोट घालून आला होता, सलीमभाईंनीच शिवलेला. पुकारा झाला. नाना पुढं गेला आणि कठड्याला असा धरून उभा राहिला, जसा चालत्या गाडीच्या दारात उभा आहे.

मॅजिस्ट्रेट मॅडम तरुण होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी आरोप वाचून दाखवला. मग मायेनं विचारलं, “आजोबा, समजलं का? गुन्हा कबूल आहे का?”

नानानं तोंड उघडलं. तेवढ्यात मागं काठी वाजली. टक. टक.

नानानं वळून पाहिलं. आम्हीही पाहिलं. सगळ्यात मागच्या बाकड्यावर सलीमभाई टेकत होते. गळ्यात टेप तशीच. मशीनवरून उठून आलेला माणूस.

नाना त्यांच्याकडं बघतच राहिला.

“आजोबा,” मॅडम म्हणाल्या, “इकडे बघा. कबूल आहे का?”

नाना पुढं वळला. कठडा सोडला. कोट खाली ओढून सरळ केला.

“मॅडम, मला भात नको. ज्वारी मिळंल का?”

टाइप करणाऱ्या माणसाचे हात थांबले. “काय मिळंल का?” मॅडम म्हणाल्या. जोशींच्या भाचीनं कपाळाला हात लावला.

मागं काठी पुन्हा वाजली. सलीमभाई उभे राहिले होते. “मॅडम, माफ करा. ते कुलूप माझ्या गुडघ्यासाठी तोडलं. मी मशीनवर होतो, खिडकीतून सगळं बघितलं. समन्सवाल्यानं ह्याचा पत्ता मलाच विचारला, तारीखही त्यानंच सांगितली. हा मला सांगत नव्हता, म्हणून मी पण ह्याला सांगितलं नाही. ह्याला वाईट वाटलं असतं.”

“मध्ये बोलू नका. तुम्ही कोण? साक्षीदार?”

सलीमभाईंनी नानाकडं पाहिलं. मग म्हणाले,

“मी ज्वारी, मॅडम.”

गुरुजी उठले. “मीही ज्वारी.” जोशी उठले; ज्या कोर्टात कधी आवाज चढवला नाही तिथं खणखणीत म्हणाले, “मीही!” मी उठलो आणि काय बोललो ते इथं लिहीत नाही, पण शेवटी ज्वारी होतं.

सगळं कोर्ट आमच्याकडं बघत होतं. शिपाई आम्हाला बाहेर काढायला पुढं आला. मॅडमनी त्याला हातानं थांबवलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. नानाकडं पाहिलं. मॅडमच्या प्रश्नाला नाना मान हलवत होता. नाही, नाही.

मॅडम टाइप करणाऱ्याला म्हणाल्या, “लिहा. आरोपीस गुन्हा कबूल नाही. पुढची तारीख द्या.”

मग आमच्याकडं वळल्या.

“आणि ज्वारीनं आता खाली बसावं.”